इतिहासाचें मोल आणि घराची किंमत

जुनें घर विकावयास काढणाऱ्या गृहस्थाला दोन प्रकारचे हितचिंतक भेटल्याशिवाय राहत नाहींत. पहिला म्हणतो, "विकूं नका, अशी वास्तु विकणें हें पाप आहे." दुसरा म्हणतो, "विका, पण घाई करूं नका. बाजार मंद आहे, थांबा; अशा घराची कदर करणारें गिऱ्हाईक आज ना उद्यां येईलच, आणि तें तुमची किंमत देईल." पहिल्याच्या डोळ्यांत पाणी असतें व दुसऱ्याच्या हातांत कागद-पेन्सिल असते, एवढाच काय तो फरक. दोघांच्याहि उपदेशाचें फळ एकच: घर रिकामें पडून राहतें, आणि रिकामें घर कुजतें. पहिल्या हितचिंतकाविषयीं आम्हांस थोडासा आदर आहे. तो निदान आपल्या भावनेला भावना म्हणतो. दुसरा मात्र भावनेलाच व्यवहार म्हणवून घेतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक होय. प्रस्तुत लेखांत आमचा वाद मुख्यत्वेंकरून त्याच्याशीं आहे.

हा वाद सुचण्याचें निमित्त असें. आमचे एक स्नेही इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर परगण्यांतील लोंकरीच्या गिरण्यांच्या एका गांवीं, डॉक्टरकी करून आतां निवृत्त झाले आहेत. मुंबईस पदवी घेऊन ते १९७४ सालीं तिकडे गेले. आणि १९८२ सालीं, गिरण्या एकामागून एक बंद पडत असतां व मोठ्या घरांना कोणी विचारीत नसतां, त्यांनीं तेथील एका गिरणीमालकानें दीडशें वर्षांपूर्वीं बांधिलेलें घर विकत घेतलें. पिंवळसर वालुकाश्माच्या, परंतु गिरण्यांच्या धुरानें काळवंडलेल्या भिंती. वेल्समधील निळ्या पाटीच्या दगडाचें छप्पर. खालींवर मिळून चवदा खोल्या आणि प्रत्येक खोलींत भिंतींतली शेगडी. घरच्यांसाठीं पुढें एक रुंद जिना व नोकरांसाठीं मागें एक अरुंद जिना. आणि कोणत्या खोलींतून बोलावणें आलें तें सांगणारी घंट्यांची रांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर. या घरांत त्यांनीं चाळीस वर्षें संसार केला. रस्त्याकडील पुढें आलेल्या खिडकींत गणपति बसला, दिवाणखान्यांत मुलीचें केळवण झालें, आणि त्या गांवांत नव्यानें येणारा प्रत्येक मराठी डॉक्टर आपली पहिली रात्र वरच्या मजल्यावरील उत्तरेकडच्या खोलींत काढून गेला. आम्ही स्वतः त्या खोलींत दोनदां राहिलों आहों; तेथील थंडीची आठवण अजून हाडांत आहे.

आतां डॉक्टरांचें वय ऐंशीकडे झुकलें, वहिनींचे गुडघे जिना चढूं देईनात, आणि मुलें दूर. २०२३ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं घर विकावयास काढलें व हिवाळ्याआधीं ते मुलीच्या गांवीं राहावयास गेले. वेळ वाईट होती. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ च्या आरंभीं शेंकडा ०.१ होता तो ऑगस्ट २०२३ मध्यें ५.२५ वर जाऊन पोंचला होता, आणि कर्ज काढून घर घेणारा माणूस बाजारांतून जवळजवळ नाहींसा झाला होता. चार महिन्यांत घर पाहावयास तीनच कुटुंबें आलीं. त्यांपैकीं एक जोडपें, दोघेंहि शाळेंत शिक्षक, पदरीं तीन मुलें व एक वृद्ध आई, मागणीपेक्षां शेंकडा पंधरा कमी द्यावयास तयार झालें. डॉक्टरांनीं आमचें मत विचारलें. आम्हीं काय लिहिलें? तें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं लिहिलें, "दीडशें वर्षांचें घर असें देऊन टाकूं नका, थोडें थांबा." दलालानेंहि तेंच सांगितलें, आणि त्या जोडप्यास नकार गेला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. पहिल्या हिवाळ्यांत पानांनीं तुंबलेल्या पन्हळीचें पाणी भिंतींत उतरलें. घरांत रोज वावरणाऱ्या माणसाला जो डाग दुसऱ्या दिवशीं दिसला असता तो चार महिन्यांनीं दिसला. तोंवर दिवाणखान्याच्या छतावरील चुन्याची नक्षी एका कोपऱ्यांत खालीं आली होती. दुसऱ्या हिवाळ्यांत मागच्या जिन्याच्या फळ्यांना बुरशी लागली. आणि त्या शिक्षक जोडप्यानंतर आजवर एकहि मागणी आलेली नाहीं. तेव्हां ज्या मताचें आम्ही येथें खंडन करणार आहों तें एकदां आमच्याच लेखणींतून उतरलेलें आहे, हें ध्यानांत ठेवून वाचकांनीं आमच्या शब्दांचा कठोरपणा क्षम्य मानावा.

प्रथम हीं घरें कशीं निर्माण झालीं तें पाहूं. कारण त्यांतच त्यांच्या आजच्या दुर्दैवाचें बीज आहे. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंतची. तीपूर्वीं इंग्लंडांत उजेडावर कर होता असें म्हटलें तरी चालेल. १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत असत. कांचेवरील जकात १८४५ त उठली, विटांवरील कर १८५० त उठला, आणि खिडक्यांवरील कर १८५१ त उठला. सहा वर्षांच्या आंत भिंत, कांच आणि उजेड हीं तिन्ही स्वस्त झालीं. आगगाड्यांनीं वेल्समधील पाट्यांचें छप्पर देशाच्या दुसऱ्या टोंकास नेऊन पोंचविलें. दगडी कोळसा मुबलक होता. आणि या सर्वांहून स्वस्त होतें तें माणूस. १८९१ च्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्स मिळून दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरींत होत्या. रॉबर्ट कर या वास्तुशिल्पकाचा 'द जंटलमन्स हाऊस' हा ग्रंथ १८६४ त निघाला. सभ्य गृहस्थाच्या घरांत कुटुंबाची वाट व नोकरांची वाट एकमेकींस मिळतां कामा नये, हें त्यांतील एक मुख्य सूत्र. आमच्या डॉक्टरांच्या घरचा मागचा जिना हा या सूत्राचाच लांकडी अवतार होय.

म्हणजे हें घर केवळ घर नव्हतें. तें एक यंत्र होतें, आणि तें दोन इंधनांवर चाले. एक कोळसा व दुसरें, पहांटे उठून चवदा शेगड्या पेटविणाऱ्या गरीब मुलींचे श्रम. पहिल्या महायुद्धानें या मुलींना कारखाने व कचेऱ्या दाखविल्या, दुसऱ्यानें उरल्यासुरल्या नेल्या, आणि त्या परत आल्या नाहींत. न आल्या हें उत्तमच झालें. इकडे १८९४ सालीं वारसांवर नवा मृत्युकर बसला. त्याचा सर्वांत वरचा दर आरंभीं शेंकडा ८ होता, तो १९१९ त ४० झाला व १९४९ त ८० झाला. इंधन गेलें, आणि यंत्राचा मालक बदलतांना यंत्राची किंमतच सरकारला द्यावी लागूं लागली. अशा स्थितींत मोठें जुनें घर विकणारा मनुष्य जेव्हां म्हणतो, "चवदा खोल्या आहेत," तेव्हां घेणाऱ्याच्या कानांत, "चवदा खोल्या ऊबदार ठेवावयाच्या आहेत," एवढेंच शिरतें. त्यांत त्याची अरसिकता ती काय?

बाजार मंदावतो म्हणजे काय होतें, हेंहि समजून घेतलें पाहिजे. धान्याचा बाजार पडला तर भाव पडतो आणि धान्य विकलें जातें. घरांचें तसें नाहीं. घराचा भाव पडण्याआधीं विक्री थांबते. कारण घेणारा आजच्या व्याजाकडे पाहून बोलतो व विकणारा कालच्या शेजाऱ्याला मिळालेल्या किंमतीकडे पाहून बोलतो. त्यांतून इंग्लंडांत साठेखतावर दोन्ही पक्ष बांधले जाईपर्यंत कोणावर कांहींच बंधन नसतें. घेणाऱ्यानें आपलें घर विकल्याशिवाय त्याला हें घेतां येत नाहीं, त्याचें घर घेणाऱ्यानें आपलें विकल्याशिवाय त्याला तें घेतां येत नाहीं. अशी पांचसात घरांची साखळी लागते, व एक कडी निसटली कीं सगळीच साखळी जमिनीवर पडते. लहान घराला दहा गिऱ्हाइकें असतात. त्यांपैकीं आठ गेलीं तरी दोन राहतात. मोठ्या जुन्या घराला मुळांत दोनच असतात. मंदीचा घाव दोहोंवर सारखा पडतो, परंतु एक त्यानें दुखावतें व दुसरें त्यानें मरतें.

आतां 'थांबा' म्हणणाऱ्यांच्या तीन युक्तिवादांकडे वळूं. पहिला युक्तिवाद असा कीं, इतिहासाला किंमत आहे, व ती घराच्या किंमतींत मिळविली पाहिजे. इतिहासाला मोल आहे हें आम्ही जन्मभर लिहीत आलों. परंतु मोल निराळें आणि किंमत निराळी. व्हिक्टोरियन हा शब्दच गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज रसिकांच्या तोंडीं शिवीसारखा होता. राणीच्या राज्यारोहणाच्या वर्षीं उभी राहिलेली लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान १९६१-६२ त खुशाल पाडून टाकण्यांत आली. तीपूर्वीं तीनच वर्षें, १९५८ सालीं, या काळच्या वास्तूंच्या रक्षणासाठीं व्हिक्टोरियन सोसायटी निघाली होती. तिनें आकांत केला, पण कमान गेली. आज त्याच काळच्या कमानींपुढें लोक छायाचित्रें काढतात. ज्याची किंमत एका पिढींत शून्य होते व दुसऱ्या पिढींत लाख होते, तें मोल नव्हे. ती अभिरुचीची लहर होय. आणि लहरीवर म्हातारपणची तरतूद कोणी करूं नये.

या बाबतींत मेंटमोर टॉवर्स या प्रासादाची कथा मोठी उद्बोधक आहे. स्फटिकप्रासाद उभारणारा जोसेफ पॅक्स्टन यानें १८५२ ते १८५४ या काळांत रॉथ्सचाइल्ड घराण्यांतील एका सरदारासाठीं तो बांधिला. पुढें त्या सरदाराची मुलगी लॉर्ड रोझबेरी यांस दिली, व प्रासाद त्या घराण्याकडे गेला. हे रोझबेरी १८९४ त पंतप्रधान होते. म्हणजे वर सांगितलेला मृत्युकर त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या अमदानींत बसला! ऐंशी वर्षांनीं, १९७४ त, त्यांचा पुत्र वारला, आणि कराचा बोजा वारसांवर आला. वारसांनीं प्रासाद आंतील अमोल वस्तूंसकट वीस लाख पौंडांस सरकारला देऊं केला. सरकारनें हिशेब केला, चर्चा केली, आणि नकार दिला. १९७७ त नुसत्या सामानाचा लिलाव झाला, त्याचेच साठ लाखांहून अधिक पौंड आले. आणि मागें उरलेला रिकामा प्रासाद अडीच लाखांच्या आंतबाहेर विकला गेला. कोणाला? आमच्या महर्षि महेश योगींच्या ध्यानपंथाला! इंग्रज विद्वानांनीं तेव्हां नाकें मुरडलीं असतील. पण पुढलीं वीस वर्षें त्या छपराखालीं माणसें राहत होतीं, दिवे लागत होते, पन्हळी साफ होत होत्या. १९९९ त तो एका धनाढ्यानें घेतला, ऐश्वर्यशाली हॉटेल करण्याची भव्य योजना आंखली, ती फसली, आणि रिकामा प्रासाद धोक्यांत असलेल्या वास्तूंच्या सरकारी यादींत जाऊन बसला. तात्पर्य हें कीं, स्वस्तांत विकल्यानें मेंटमोर मेला नाहीं. त्याची मोठी किंमत येण्याची वाट पाहत तो रिकामा राहिला, तेव्हां त्याला घरघर लागली.

दुसरा युक्तिवाद कदर करणाऱ्या गिऱ्हाइकाचा. असें गिऱ्हाईक असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु तें श्रीमंत असतें हा भ्रम आहे. बेक्सलीहीथ येथील 'रेड हाऊस' हें घर कवि व कारागीर विल्यम मॉरिस यानें मित्र फिलिप वेब याच्याकडून १८५९-६० त बांधून घेतलें. भिंतीवरचीं चित्रें मित्रांनीं काढलीं, सामान स्वतः रंगविलें. जन्मभर राहण्याच्या हेतूनें केलेलें घर. पण लंडनची येजा झेपेना, प्रकृति बिघडली, पैशाची ओढ लागली, आणि पांचच वर्षांनीं, १८६५ त, मॉरिसनें तें सोडलें व पुढें विकून टाकलें. मॉरिसहून घरावर अधिक प्रेम करणारा माणूस कोण दाखवील? त्यानें विकलें, आणि पुन्हां तें पाहावयास म्हणून कधीं गेला नाहीं. मनाला लागलें तें त्यानें मनांत ठेवलें. किंमतींत घातलें नाहीं. याच मॉरिसनें १८७७ त जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठीं संस्था काढली, आणि तिचा मुख्य उपदेश असा कीं, थाटाच्या जीर्णोद्धारापेक्षां रोजची देखरेख श्रेष्ठ.

आणि तें घर वांचविलें कोणीं? १९५२ सालीं टेड हॉलंबी हा लंडनच्या नगर-मंडळांतील नोकरदार वास्तुशिल्पकार, त्याची बायको, आणि त्यांच्या स्नेह्यांचें एक कुटुंब, अशा दोन मध्यमवर्गीय बिऱ्हाडांनीं मिळून तें घेतलें. कोणीहि एकटा घेऊं शकत नव्हता म्हणून दोघांनीं घेतलें. हॉलंबी कुटुंब जवळजवळ अर्धशतक तेथें राहिलें. स्वतःच्या हातांनीं एकेक खोली दुरुस्त केली. आणि २००३ त नॅशनल ट्रस्टनें तें ताब्यांत घेतलें तेव्हां त्याला घेण्याजोगें कांहीं उरलेलें होतें तें या बिऱ्हाडामुळें. कदर करणारें गिऱ्हाईक असें असतें. त्याच्याजवळ पैसा थोडा असतो व अंगांत उमेद फार असते. आमच्या डॉक्टरांच्या दारीं जें शिक्षक जोडपें आलें होतें, तें याच जातीचें. ज्याची आम्ही वाट पाहावयास सांगत होतों तोच पाहुणा दारांतून आम्हीं परत लाविला.

तिसरा युक्तिवाद व्यवहारी म्हणविणारांचा: मंदी कायमची नसते. खरें आहे. बोस्टन शहरांतील १९९० च्या दशकांतील सदनिकांच्या व्यवहारांचा दोघा अर्थशास्त्रज्ञांनीं बारकाईनें अभ्यास केला, तो २००१ त प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्या खरेदीच्या किंमतीहून कमी पैसे पाहावे लागत होते त्यांनीं मागणी चढविली. त्यांपैकीं ज्यांचीं घरें विकलीं त्यांना कांहींसें अधिकहि मिळालें. परंतु त्यांचीं घरें विकावयास वेळ फार लागला. प्रतिपक्षाच्या पदरीं एवढा पुरावा आम्ही खुशीनें घालतों. पण सदनिकेला थांबतां येतें, कारण तिच्या वर दुसऱ्याची सदनिका असते व खालीं तिसऱ्याची. तिला छप्पर सांभाळावें लागत नाहीं. दीडशें वर्षांच्या घराचें थांबणें निराळें. त्याच्या भिंती भरीव, मध्यें हवेची पोकळी नाहीं. भिंतींतला ओलावा बाहेर पडतो तो चुन्याच्या दर्जांतून आणि आंत पेटलेल्या शेगडीच्या उष्णतेनें. शेगडी विझली, खिडक्या बंद झाल्या, कोणी आधींच्या मालकानें चुन्याच्या जागीं सिमेंट भरलेलें असलें, कीं ओल आंतल्या आंत कोंडते व लांकडांत शिरते. लांकूड खाणारी जी बुरशी या घरांचा काळ समजली जाते, तिचें रानटी कुल हिमालयांतल्या जंगलांत सांपडलें आहे. इंग्लंडांतील रिकाम्या घरांत तिला तिचें माहेर सांपडतें. रिकाम्या घराचा विमा कंपन्या आंखडता घेतात. नगरपालिका अधिक कर लावते. आणि चोर छपरावरचें शिसें नेतात तें वेगळेंच. ही सर्व वजाबाकी 'थांबा' म्हणणाऱ्याच्या कागदावर कोठें असते? आमच्या स्नेह्यांनीं शेंकडा पंधरा वांचविले. पण छत, जिना, विमा, कर व दोन वर्षांचें व्याज यांचा हिशेब त्यांनीं आम्हांस पाठविला, तो त्या पंधरांच्या कितीतरी पुढें गेला आहे.

आतां पहिल्या हितचिंतकाकडे, जो विकण्यालाच पाप म्हणतो, त्याच्याकडे येऊं. त्याला आमचा एकच प्रश्न आहे: हा इतिहास जर सर्वांचा, तर पन्हळ एकट्या डॉक्टरांची कां? इंग्लंडांत १९४७ च्या कायद्यापासून संरक्षित वास्तूंची सरकारी यादी आहे. यादींतील घराच्या ऐतिहासिक स्वरूपाला परवानगीवांचून धक्का लावला तर तो गुन्हा होतो. हें योग्यच आहे. परंतु त्याच सरकारचा कर पाहा. नवें घर बांधलें तर मूल्यवर्धित कर शून्य. जुनें घर दुरुस्त केलें तर शेंकडा वीस. यादींतील घरांच्या मंजूर फेरफारांना जी करमाफी होती ती १ ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेण्यांत आली. आणि कळस हा कीं, घर दोन वर्षें रिकामें पडलेलें असलें तर त्याच्या दुरुस्तीवरील कर शेंकडा पांचांवर येतो! म्हणजे घरांत राहून तें सांभाळणाऱ्यानें वीस द्यावे, व कुजूं देणाऱ्यानें पांच द्यावे. पाप पाप म्हणून ओरडणाऱ्यांनीं हा नियम बदलावयास ओरडावें. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कानाशीं ओरडूं नये.

कोणी म्हणेल, राष्ट्र अशीं घरें विकत घेतेंच कीं. घेतें, क्वचित्. मेंटमोरच्या नामुष्कीनंतर १९८० त त्यासाठीं खास निधि स्थापन झाला, आणि २००२ त ब्रिस्टलजवळचें टिन्टस्फील्ड हें मोठें व्हिक्टोरियन घर त्या निधीच्या व हजारों सामान्य लोकांच्या वर्गणीच्या बळावर नॅशनल ट्रस्टनें घेतलें. हें कृत्य गौरवास्पद आहे. परंतु त्या एका घराला दोन कोटींहून अधिक पौंड लागले. गिरणीगांवांतल्या प्रत्येक चवदा-खोली घराला असा भगीरथ भेटावयाचा नाहीं. त्यांना भेटेल तर एखादा शिक्षक.

कधीं कधीं घराचा इतिहासच त्याचें गिऱ्हाईक शोधून आणतो, याचें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. लंडनमध्यें प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवर, १० क्रमांकाच्या घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ त विद्यार्थी म्हणून राहिले. तें घर विक्रीस निघालें असतां महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं तीस लाख पौंडांच्या आसपास देऊन घेतलें. येथें इतिहासाला किंमत मिळाली; पण कां? घेणाऱ्याला तें घर नको होतें, स्मारक हवें होतें. आणि पुढें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. राहत्या घराचें संग्रहालय करण्यास स्थानिक नगरपालिकेनें २०१८ त परवानगी नाकारली, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्यें ब्रिटिश सरकारनें ती दिली. ज्या घरांत इतक्या थोर पुरुषाचा वास झाला त्यालाहि उपयोग बदलण्यासाठीं झगडावें लागलें! जेथें असा पुरुष राहिलेला नाहीं, केवळ एक गिरणीमालक व एक मराठी डॉक्टर राहून गेले, तेथें इतिहासाच्या नांवावर दाम मागणें हा विनोद होय. अशा घरांचे दोन-तीन भाग करून दोन-तीन बिऱ्हाडांना राहतां यावें, एवढी सवलत नगरपालिकांनीं उदारपणें दिली, तर यादींतल्या पाटीपेक्षां तिनें अधिक घरें वांचतील.

मग विकणाऱ्यानें करावें काय? आमच्या मतें चारच गोष्टी. किंमत आठवणीवर न ठरवितां गेल्या सहा महिन्यांत जवळपास प्रत्यक्ष विकलेल्या घरांवर ठरवावी. घराचे दोष, छप्पर, ओल, जुन्या विजेच्या तारा, सिमेंट भरलेल्या दर्जा, जाणत्या माणसाकडून तपासून घेऊन आधींच कागदावर मांडावे. कारण मंदींत गिऱ्हाईक दोषाला जितकें भितें त्याहून अधिक न सांगितलेल्या दोषाला भितें. विक्री होईपर्यंत घरांत कोणीतरी राहावें, नाहीं तर निदान आठवड्यास एकदां दारें उघडून शेगडी पेटवावी. आणि दोन मागण्यांत थोडाच फरक असेल, तर जो राहणार आहे त्याला द्यावें. जो ठेवणार आहे त्याला देऊं नये. राहिला इतिहास. तो किंमतींत घालूं नये, किल्ल्यांबरोबर द्यावा. गिरणीमालकाचे जुने नकाशे, घंट्यांची रांग कोणत्या खोलीची कोणती याची यादी, कोणत्या सालीं कोणती पन्हळ बदलली तें टिपण, खिडकींत बसलेल्या गणपतीचें एक छायाचित्र, हें सर्व एका पेटींत भरून नव्या मालकाच्या स्वाधीन करावें. विकत दिलेला इतिहास घेणाऱ्याला महाग वाटतो. दिलेला इतिहास तो जपतो.

आपल्याकडे वाडे पडतात त्याचीं कारणें निराळीं. तेथें पंचवीस वारस, जुने भाडेकरू आणि वर चढवावयाच्या मजल्यांचा लोभ असतो. परंतु 'अजून थोडें थांबलों तर अधिक येतील' हें वाक्य दोन्हीकडे एकच आहे, आणि तें ऐकत ऐकत तुळया दोन्हीकडे सारख्याच खचतात. ज्या घरांत आपण राहूं शकत नाहीं त्यावर आपलें प्रेम आहे हें सिद्ध करण्याचा एकच मार्ग उरतो. तें राहूं शकणाऱ्याच्या हातीं वेळेवर देणें.

आम्हीं डॉक्टरांस गेल्या पंधरवड्यांत पुन्हां पत्र लिहिलें आहे. पहिला सल्ला आमचा चुकला, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. त्या शिक्षक जोडप्याचा पत्ता दलालाकडून मिळवून, छत व जिना यांची खरी स्थिति सांगून, त्यांनीं तेव्हां देऊं केलेल्या रकमेंतून दुरुस्तीचा खर्च वजा करून घर देऊं करावें, असें सुचविलें आहे. कदाचित् त्यांनीं दुसरें घर घेतलेंहि असेल. तीन मुलांचें कुटुंब दोन वर्षें कोणाची वाट पाहत बसत नाहीं. तसें असेल तर डॉक्टरांना पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागेल, आणि पुढचा हिवाळा फार दूर नाहीं.